मनकर्णामावशीच्या हातची बैचांदी

मनकर्णामावशीची नक्कल करायची तर आधी डावा हात कमरेवर ठेवायचा, हनुवटी जरा वर उचलायची, आणि वाक्य कुठूनही सुरू झालं तरी ते "वं माय" वर नेऊन टेकवायचं. "मिठाची बरणी कुठी गेली वं माय." "ऊन कसं तापून राहिलं वं माय." एकदा रेडिओवर बातम्या संपल्या तेव्हा ती बातम्या देणाऱ्या बाईलाच म्हणाली, "बस झालं आता, जरासं पाणी पी वं माय." जुनी शुक्रवारीतल्या आमच्या गल्लीत मी सगळ्यांच्या नकला करते, पण पाठीमागे. मावशीची मात्र तिच्या तोंडावर करते, कारण ती पोट धरून हसते आणि वर दुरुस्तीही सांगते. "इतकी गरीब कुठी हावो मी? जराशी भांडखोर कर."

मावशी आमच्यापैकी कोणाचीच सख्खी नाही. तिचं माहेर देवलापारच्या पलीकडे, रानाला टेकलेलं. लग्न होऊन रामाजीकाकांच्या मागे ती नागपुरात आली. काका मिलमध्ये होते. ते आजारी पडले त्या वर्षी मावशीनं महाशिवरात्रीचा उपास निर्जळी धरला, म्हणजे दिवसभर घास नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. काका गेले. उपास राहिला. माझ्या आईनं एकदा हळूच विचारलं, आता कशाला करता? मावशी म्हणाली, "देवानं आपलं काम नाई केलं, म्हणून का मी माहं सोडून देऊ?"

गल्लीत बारसं असो की तेरवी, चुलीपुढे मावशी. तिच्या वडाभाताचा वास आला की माणसं आमंत्रणाआधीच आंघोळ करून बसतात. पण लग्न? लग्न मात्र कधी तिच्याकडे आलं नाही. लग्नाला इतवारीतला आचारी यायचा, मोठाले गंज-पातेली आणि मोठाला राग घेऊन, आणि मावशीनं तिथे कांदे चिरायचे. यंदा नीलाताईचं लग्न ठरलं, वैशाखातलं. नीलाताई लहानपणी निम्मी मावशीच्या कडेवर वाढली, त्यामुळे मावशीला वाटलं, हे लग्न आपलं. नीलाताईच्या आईनं, प्रेमिलाकाकूंनी, होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघू हो मनकर्णाबाई, शिवरात्र तर होऊ द्या." एवढं ऐकून मावशी पंगती मोजायला लागली.

प्रेमिलाकाकूंची नक्कल सोपी आहे. "मी काही बोलत नाही, पण" असं म्हणायचं, आणि मग चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत बोलायचं. त्यांचे यजमान गोपाळराव कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतात. त्यांच्यासाठी दोन बोटांत न दिसणारी परीक्षानळी धरून ती उजेडात तिरपी करावी लागते आणि म्हणावं लागतं, "तात्त्विकदृष्ट्या." मागे त्यांच्या घरी पाल निघाली तेव्हा ते पलंगावर उभे राहून म्हणाले होते, "तात्त्विकदृष्ट्या ती आपल्याला घाबरते."

तर शिवरात्र. उपासाला आमच्याकडे साबुदाण्याइतकीच बैचांदी लागते. बैचांदी म्हणजे रानातला एक कंद. किराणा दुकानात त्याच्या वाळलेल्या पांढऱ्या चकत्या मिळतात, भिजवून खिचडी नाहीतर खीर करायची. दुकानात येते ती रानातल्या लोकांनी आधीच निववलेली, म्हणजे विष काढून टाकलेली असते. कच्चा कंद विषारी, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, हे मावशीला लहानपणापासून माहीत होतं. निववायची कशी तेही तिला येत होतं. म्हणून यंदा तिनं ठरवलं, दुकानाची नको. "दुकानाची म्हणजे कोणाच्या हातची, काय मालूम. मी माह्या हातची खाऊ घालीन." खरं म्हणजे तिला प्रेमिलाकाकूंना खाऊ घालायची होती.

तिचा भाऊ धोंडबा एस.टी.नं पोतं घेऊन आला. कंद काळपट, वर मुळांचे केस, अस्वलाची मुंडकी वाटावीत असे. मावशीनं हाताला तेल चोळलं, कंद सोलले, पातळ चकत्या केल्या, राख चोळली. मग बांबूची पाटी भरली. गावाकडे ही पाटी ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवतात. इथे ओढा कुठला? नळ सकाळी यायचा, घटकाभर खोकायचा आणि जायचा. मावशीनं अंगणातला पत्र्याचा ड्रम काठोकाठ भरला, पाटी आत सोडली, वर पोतं टाकलं. गावाकडे जितक्या रात्री ठेवतात तितक्या ठेवली, वर एक रात्र जास्तीची.

"जास्तीची काहून?" मी विचारलं.

"शहराचं पाणी हाय. आळशी राहते वं माय."

शिवरात्रीला दुपारी आमच्या अंगणात गल्ली बसली. शेंगदाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची घातलेली खिचडी, आणि वेलचीची खीर. मावशी वाढत होती, तोंडात पाणीही नाही, ओठ सुकलेले, पण डोळे कसे चमकत होते. गोपाळरावांनी चकती उजेडात धरली. "तात्त्विकदृष्ट्या हा शुद्ध स्टार्च आहे," असं म्हणून त्यांनी दोनदा वाढून घेतलं. प्रेमिलाकाकू म्हणाल्या, "खीर बरी झालीय." काकूंचं "बरी" म्हणजे दुसऱ्याचं सुवर्णपदक. मावशी आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून हसली. मी पाहिलं.

मग घसे बोलायला लागले. म्हणजे बोलायचे बंद झाले. आधी खाज, मग जळजळ, मग जीभ अशी जड झाली की शेजारणी एकमेकींशी खुणांनी भांडायला लागल्या. गोपाळराव उठायला गेले आणि अंगण आपल्याभोवती फिरतंय असं सांगत पुन्हा बसले. पोरांनी उलट्या केल्या, मी त्यांत पहिली. त्या दिवशी सगळी गल्ली एकाच आवाजात घोगरत होती, माझ्या नकलांना काही कामच उरलं नव्हतं. डॉक्टर आले, जिभा पाहिल्या, कोणी किती खाल्लं ते विचारलं, पोरांच्या उशाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे धडधाकट होते. फक्त मावशी धडधाकट नव्हती, जिनं काहीच खाल्लं नव्हतं.

आणि तेच नडलं. घसा सुटल्या सुटल्या प्रेमिलाकाकू म्हणाल्या, "मी काही बोलत नाही, पण तिनं स्वतः घास नाही घातला तोंडात."

"तिचा निर्जळी असतो," आई म्हणाली.

"असतो ना. मी कुठे नाही म्हणते? फक्त त्याच दिवशी सगळ्या गल्लीच्या पोटात गेलं आणि तिच्या नाही गेलं, एवढंच."

हे "एवढंच" गल्लीत घरोघरी जाऊन बसलं. कोणी मावशीला तोंडावर काही म्हटलं नाही. उलट सगळे फार गोड बोलायला लागले, म्हणजे काय ते समजाच. होळीला तिनं रीतीप्रमाणे घरोघर पुरणपोळ्या पाठवल्या. ताटं परत आली, धुतलेली, वर साखर ठेवलेली. पण संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेली गाय पोळ्यांच्या ढिगापुढे उभी होती, दमून. मावशी नळावरून येत होती. तिनं घागर खाली ठेवली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू तरी जेवली वं माय."

ही नक्कल मी करत नाही.

दोन दिवसांनी प्रेमिलाकाकू इतवारीच्या आचाऱ्याला अंगण दाखवत होत्या, चूल कुठे, पंगत कुठे. मावशीनं खिडकीतून पाहिलं. मग तिनं उरलेल्या कंदांचं पोतं ओढत बाहेर काढलं, फेकून द्यायला.

"थांबा, थांबा!" गोपाळराव चपला न घालता धावत आले. "ते मला हवंय."

"कायले पाह्यजे तुम्हाले? अजून खाची हौस हाय काय?"

"मनकर्णाबाई, मी दोन ताटल्या खाल्ल्या आणि त्याला शुद्ध स्टार्च म्हटलं. शिवरात्रीपासून मला झोप नाही. मला बघायचंय काय होतं ते."

मावशीला वाटलं होतं, हा माणूस पंचनामा करणार. पण गोपाळराव तिच्या ओसरीवर मांडी घालून बसले. कंदाच्या चार चकत्या पेल्यात भिजवल्या, घटकाभरानं ते पाणी गाळून काचेच्या नळीत घेतलं, कॉलेजातून आणलेल्या बाटलीतले थेंब त्यात टाकले. आणि नळीत पिकल्या संत्र्याच्या रंगाचा गाळ उतरला. गोपाळरावांच्या हातात पहिल्यांदाच खरी परीक्षानळी दिसत होती, आणि ती अगदी माझ्या नकलेसारखीच तिरपी होती.

"डायोस्कोरिन," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्यानं म्हटलं तर कोणी जागं होईल. "अल्कलॉइड आहे. कंद हे स्वतःसाठी बनवतो, कोणी उकरून खाऊ नये म्हणून."

"म्हणजे इख," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "म्हणजे मी पोट्ट्याइले इख देलं."

"तुम्ही दिलं नाही, तुम्ही काढलं. हे पाण्यात विरघळतं. तुम्ही राख चोळली, चकत्या पातळ केल्या, सगळं बरोबर. ते कंदातून निघून पाण्यात आलं. पण पाणी कुठे गेलं?"

"कुठी जाईन? ड्रममंदी."

"ड्रममध्येच. म्हणजे विष निघालं आणि शेजारीच बसून राहिलं. थोडं बाहेर, थोडं आत. मग कितीही रात्री ठेवा, ते जाणार कुठे?"

त्यांनी त्याच चकत्यांवर नवं पाणी ओतलं, थांबले, गाळलं, थेंब टाकले. रंग उतरला होता. पुन्हा पाणी बदललं. अजून फिकट. मावशी पेल्याकडे बघत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला.

"थो नाला गा, गोपाळराव! आमच्या गावचा नाला! आम्ही पाटी ठेवून घरी जाओ अन् समजो का रात्रीनं काम केलं. माही माय रात्री मोजे, आजी रात्री मोजे. काम तं थो नाला करून राहिला होता! पाणी वाहून राहिलं होतं, त्याच्याकडं कोणी पाह्यलंच नाई. मी रात्री आणल्या इथं, नाला तिथंच राहिला."

"तात्त्विकदृष्ट्या," गोपाळराव म्हणाले, आणि पेल्यात पुन्हा नवं पाणी ओतायला लागले.

भिंतीपलीकडून आवाज आला. "मी काही बोलत नाही, पण जेवायचं ताट वाढून किती वेळ झाला!"

मावशीनं पोतं परत आत ओढलं. रामनवमी जवळ आली होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, पुन्हा करायची, आणि गल्लीला दाखवायची. पण वाहतं पाणी आणायचं कुठून? नाग नदीचं नाव काढताच आईनं नाकाला पदर लावला. अंबाझरी तलावाखालच्या ओहोळात पाटी ठेवून राखण कोण करणार? मग मावशीलाच आठवलं. मारुतीच्या देवळामागे कॉर्पोरेशनच्या मोठ्या लाइनचा व्हॉल्व्ह आहे, तो गळतो. घराघरातले नळ खोकत असतात आणि हा तिथे बोटभर धारेनं अखंड वाहत असतो. सगळी गल्ली त्याला शिव्या देते. मावशीनं चकत्यांची पाटी धारेखाली दोरीनं बांधली, वर काटेरी फांदी टाकली, आणि देवळाच्या पायरीवर जपमाळ घेऊन बसली. गोपाळराव कॉलेजातून येता-जाता पाटीखालचं पाणी नळीत धरत आणि मान डोलवत जात. संत्र्याचा रंग लिंबावर आला होता.

आणि नेमका तेव्हाच कॉर्पोरेशनचा माणूस उगवला. रुपराव त्याचं नाव, सायकलीला पिशवी, कानाला बिडी.

"व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा हाय. हटा बाई."

"आजच काहून गा?" मावशी उभी राहिली.

"आजच म्हणजे? इतकी वर्षं बोंबलून राहिले ना तुम्ही लोकं? कम्प्लेंट हाय. कोणी गोपाळराव म्हणून हाय, हर महिन्याले लिहिते. साहेब म्हणे, जा बाबा एकदाचा, त्या मास्तराचं अक्षर वाचून डोळे गेले माहे."

गोपाळराव समोरूनच येत होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हो, मीच तो. तक्रार मीच केली. ती जरा, म्हणजे, परवापर्यंत मागे घेता येईल का?"

"मागं? मास्तर, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"गळू द्या हो दोन दिवस. नंतर मी स्वतः टॉर्च धरतो."

"लाखो लिटर पाणी वाया जाऊन राहिलं म्हणून तुम्हीच लिहिलं ना!"

"तेव्हा जात होतं," गोपाळराव म्हणाले. "आता कामाला लागलंय."

रुपरावनं पाटीकडे पाहिलं. फांदी बाजूला करून एक चकती उचलली, वास घेतला. मग मावशीकडे बघितलं. "बैचांदी होय काय वं बाई? माही माय करे. वैनगंगेवर." तो पायरीवर टेकला. मावशीनं चहा आणला, त्यानं बशीत ओतून फुर्र केला. मग पिशवी चाचपली, ज्यातून मोठ्ठा पाना हातभर बाहेर दिसत होता, आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे बाप्पा! पाना तं घरीच राहिला. परवा येतो."

रामनवमीला रामजन्म झाला, देवळातली घंटा थांबली, आणि मावशी आमच्या अंगणात पातेलं घेऊन आली. आदल्या दिवशीच गोपाळरावांनी शेवटच्या पाण्यात थेंब टाकून नळी घरोघर फिरवली होती. रंग अजिबात आला नव्हता. लोकांनी "वा वा" केलं होतं आणि दारं लावून घेतली होती. नळीला कुठे घसा असतो? आज मात्र सगळे आले. पण ताट कोणी आणलं नव्हतं. तमाशा बघायला येतात तसे भिंतीला पाठ लावून उभे होते. प्रेमिलाकाकू सगळ्यांत पुढे.

मावशीनं पाट मांडला आणि स्वतः बसली. आमच्याकडे रांधणारी शेवटी जेवते. मावशीला मी तोवर कधी कोणाआधी जेवताना पाहिलेलं नव्हतं. तिनं वाटीभर खिचडी स्वतःला वाढून घेतली.

"आजपासून मी आधी खाईन," ती म्हणाली. "अन् पुढच्या शिवरात्रीले निर्जळी नाई. मी खाईन, सगळ्याइच्या आधी खाईन, मंग तुम्ही."

"अहो, तो उपास रामाजींसाठी..." आई पुढे झाली.

"त्याइले सांगितलं मी. देवालेही सांगीन. थे दोघं समजून घेतीन. गल्ली नाई घेत."

ती खायला लागली. सावकाश, प्रत्येक घास चावून. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, गोपाळराव घड्याळाकडे, आणि प्रेमिलाकाकू तिच्या ओठांकडे, ते सुजतायत का ते. वाटी रिकामी झाली. ती पाणी प्यायली. मग नुसतीच बसून राहिली, आम्ही सगळे बघतोय आणि तिला बघू द्यायचंय, अशी. ऊन पाटावरून सरकून तिच्या पायावर आलं.

"खाजून राहिलं काय हो?" शेवटी माझ्या तोंडून निघालंच.

"तुही जीभ खाजून राहिली," मावशी म्हणाली. आवाज स्वच्छ, खणखणीत.

कोणीतरी हसलं. पण पुढे कोणी आलं नाही. गोपाळराव पुढे व्हायला निघाले तर नीलाताईनं त्यांना मागे ओढलं आणि स्वतः जाऊन मावशीशेजारी जमिनीवरच बसली. "वाढ मावशी."

"नीले!" प्रेमिलाकाकू ओरडल्या. "लग्न तोंडावर आहे!"

"म्हणूनच," नीलाताई म्हणाली आणि तोंड उघडलं, लहान असताना उघडायची तसं. मावशीचा हात अर्ध्यावर थांबला. तिनं प्रेमिलाकाकूंकडे पाहिलं. काकूंच्या परवानगीशिवाय ती घास भरवणार नव्हती, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. काकूंनाही दिसलं.

काकू पदर खोचत आल्या. मावशीच्या हातातला तो घास त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावला. गिळला. डोळे मिटून घसा काय म्हणतो ते ऐकत उभ्या राहिल्या. त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं. गोपाळरावांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं.

काकूंनी डोळे उघडले आणि पातेल्यात वाकून पाहिलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मावशी बघतच राहिली.

"कमी म्हणजे, आहे, पण कमी आहे. घरच्या खिचडीत चालतं. तीनशे पानांच्या वडाभातात असा हात राखलात तर व्याही काय म्हणतील मला? आणि त्या इतवारीच्या आचाऱ्याला नाही म्हणून कळवायला कोण जाणार, मी? अहो, बघत काय बसलात, शेंदेलोण आणा!"

मावशी उठली. उठताना तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि घरात जाईपर्यंत तो खाली घेतला नाही. ती मीठ घेऊन आली तेव्हा अंगणात ताटल्यांचा खणखणाट सुरू झाला होता, आणि कोणाचं ताट आधी, यावरून भांडण.